कूर्चा सुईने उगवत नाही

झिजलेल्या गुडघ्यात मूलपेशी सोडल्या, किंवा रुग्णाच्याच रक्तातून वेगळे काढलेले वाढघटक टोचले, की कूर्चा पुन्हा तयार होते, असे आज सर्रास सांगितले जाते आणि मानलेही जाते. परभणी, सेलू, गंगाखेडच्या माणसाच्या मोबाइलवर हा दावा चित्रफितींच्या रूपाने येऊन पडतो. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला एक्स-रे दाखवायला गेलेला रुग्ण तो सोबत घेऊन परततो. ‘गादी झिजली’ हे त्याने डॉक्टरांकडून ऐकलेले असते. ‘गादी परत भरून येते’ हे कोणीतरी सांगावे अशी त्याची इच्छा असते, आणि सांगणारे भेटतात.

परभणी जिल्ह्यापुरता हा प्रश्न लहान नाही. इथल्या बायकांच्या गुडघ्यांवर उकिडवे बसून केलेल्या खुरपणीची, कापूसवेचणीची आणि डोक्यावरच्या ओझ्याची वर्षे साठलेली असतात. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले होते. मराठवाड्यातल्या गावांत चित्र याहून फार वेगळे असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. इतक्या माणसांच्या दुखण्यावर जो दावा उभा राहतो, त्याची तपासणी कडक व्हायला हवी. कारण त्या इंजेक्शनांसाठी कधी हंगामाची कमाई जाते, कधी दावणीचे जनावर जाते.

माझे म्हणणे असे की हा दावा ज्या शास्त्राचे नाव घेतो, त्याच शास्त्राने तो खोटा ठरवला आहे. वाढघटक मूलपेशीला हाड, कूर्चा, स्नायुरज्जू अशा संयोजी ऊतींकडे नेतात हे खरे. पण ते ज्या रीतीने नेतात ती रीत नीट पाहिली, तर झिजलेल्या गुडघ्यात सुई टोचून कूर्चा मिळण्याची आशा उरत नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी, कारण तो पोकळ नाही. सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत दाखवले की अस्थिमज्जेत काही मोजक्या पेशी अशा असतात, ज्या काचेच्या बशीत चिकटून वसाहती करतात आणि प्राण्याच्या शरीरात ठेवल्या तर हाड घडवतात. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल उरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेल्या हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूंत ठेवले आणि तिथे, जिथे हाडाचा काही संबंध नाही अशा जागी, नवे हाड तयार झाले. त्या तुकड्यांत आजूबाजूच्या पेशींना हाडाकडे वळवणारे काहीतरी होते. भारतात जन्मलेले ए. हरी रेड्डी आणि नोबेल विजेते चार्ल्स हगिन्स यांनी १९७२ च्या सुमारास या घटनाक्रमाचे वेळापत्रकच मांडले. उंदराच्या कातडीखाली ठेवलेल्या अशा चूर्णाभोवती आठवड्याभरात कूर्चा दिसते, दहा-बारा दिवसांत हाड, आणि तीन आठवड्यांत त्या हाडात मज्जा. १९८८ मध्ये त्या द्रव्यामागची जनुके हाती लागली. त्या प्रथिनांना आपण बीएमपी म्हणतो. पुढे १९९८ मध्ये जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी मज्जेतल्या पेशींचा गोळा करून त्याला टीजीएफ-बीटा हा वाढघटक दिला आणि बशीत कूर्चा मिळवली. १९९९ मध्ये पिटेंजर यांच्या गटाने माणसाच्या मज्जेतल्या अशाच पेशींपासून हाड, कूर्चा आणि चरबी या तिन्ही दिशा दाखवल्या.

हे सगळे खरे आहे, पुन्हा पुन्हा पडताळलेले आहे. त्यावरून निघालेला निष्कर्षही वरवर पाहता सरळ वाटतो: पेशी आहेत, संदेश आहे, संदेश दिला की पेशी कूर्चा होतात, मग गुडघ्यात का नाही होणार? या निष्कर्षाच्या मुळाशी एक न बोललेले गृहीतक आहे. वाढघटक हा हुकूम आहे, त्याचा अर्थ त्याच्या स्वतःच्या अंगात भरलेला आहे, आणि तो कोणालाही, कुठेही, कितीही दिला तरी अर्थ तोच राहतो, असे हे गृहीतक. ते कोसळले की वरचा डोलारा उभा राहत नाही.

सांधा तयार कसा होतो तेच पाहा. गर्भात हातापायाच्या कळीत पेशी दाट जमतात, बीएमपीच्या संदेशाने कूर्चेचे सलग दांडे तयार होतात. आता या सलग दांड्यात बोटाचा सांधा हवा तिथे काय घडावे लागते? बीएमपीला अडवावे लागते. हे काम नॉगिन नावाचे प्रथिन करते. १९९८ मध्ये ज्या उंदरांत नॉगिनच नव्हते त्यांची तपासणी झाली: त्यांच्यात कूर्चा जास्तच तयार झाली, पण सांधे तयार झालेच नाहीत. माणसातही नॉगिनच्या जनुकातल्या दोषाने बोटांचे सांधे जुळून गेलेले आढळतात. म्हणजे ज्या सांध्यात आपण वाढघटक ओतायला निघालो आहोत, तो सांधा मुळात वाढघटक थांबवल्यामुळे अस्तित्वात आला. माझ्या मते या एकाच निरीक्षणाने ‘जास्त संदेश म्हणजे जास्त चांगला सांधा’ ही समजूत निकालात निघते.

दुसरे उदाहरण याहून बोलके. एफजीएफ नावाच्या घटकांचा एक ग्राही (पेशीवरचा संदेश झेलणारा रेणू), एफजीएफआर-३, लांब हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्टीत असतो. तिथे त्याचे काम वाढीला लगाम घालण्याचे आहे. हा ग्राही जन्मतःच अति जागा असेल, तर हातपाय आखूड राहतात. बुटकेपणाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे हे कारण १९९४ मध्ये सापडले. एक वाढघटक, एक ग्राही, आणि परिणाम वाढ खुंटण्याचा. पण हाच संदेश प्रौढ सांध्याच्या कूर्चेत थोडी भर घालू शकतो, हे पुढे येईलच.

हे असे का, याचे उत्तर पेशीच्या आत आहे. ग्राहीवर बसलेला रेणू पेशीच्या आत फक्त एक साखळी हलवतो: टीजीएफ-बीटा एका गटाच्या स्मॅड प्रथिनांना, बीएमपी दुसऱ्या गटाच्या, आणि मज्जेतल्या मूलपेशीत टीजीएफ-बीटा दोन्ही गटांना. ही प्रथिने केंद्रकात पोचतात तेव्हा कोणती जनुके उघडी आहेत आणि कोणती मिटलेली, हे त्या पेशीच्या आजवरच्या आयुष्याने ठरलेले असते. सॉक्स-९ हे नियंत्रक प्रथिन कामावर असेल तर कूर्चेची जनुके उत्तर देतात. रनएक्स-२ वरचढ असेल तर हाडाची. स्क्लेरॅक्सिस असेल तर स्नायुरज्जूची. २००५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की हाडाच्या वाटेवर निघालेल्या पेशीतून बीटा-कॅटेनिन हे एकच प्रथिन काढून घेतले, तर ती हाड न होता कूर्चा होते. तेव्हा संदेशाचा अर्थ ऐकणाऱ्या पेशीत असतो. जून-जुलैतला पाऊस कापसाला जीव देतो आणि बोंडे फुटल्यावरचा पाऊस तोच कापूस काळा करतो. पाऊस बदललेला नसतो, पीक कुठल्या अवस्थेत आहे ते बदललेले असते.

मात्रेचाही प्रश्न आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे यांनी रक्त घडवणाऱ्या मूलपेशींवर टीजीएफ-बीटाचे काम तपासले. तोवर हा घटक या पेशींना दडपतो असेच मानले जाई. त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की अत्यल्प, पिकोग्रॅमच्या मात्रेत तो त्या पेशींना उत्तेजन देतो आणि नॅनोग्रॅमच्या मात्रेत दडपतो. पेशीच्या आतली साखळीही दोन मात्रांना वेगळी असते, हे २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. रक्त हीही संयोजी ऊतीच, हे शाळेच्या पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले आहे. त्याच रेणूचा अर्थ केवळ मात्रेने उलटतो, हे पुण्याच्या बशीत दिसले. मग ‘वाढघटकांनी भरपूर’ हे जे जाहिरातीतले कौतुक आहे, ते नेमके कशाचे कौतुक?

आणि ऐकणारा बिघडला तर काय होते, तेही निसर्गाने दाखवले आहे. एफओपी या अत्यंत दुर्मीळ आजारात बीएमपीच्या एका ग्राहीच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. २००६ मध्ये ते कळले. मूल पडते, दंडाला मार लागतो, आणि जिथे जखम भरायची तिथे हाड तयार होते. हळूहळू स्नायू, रज्जू, अस्थिबंध सगळे हाडाने जखडले जातात. २०१५ मध्ये कळले की अ‍ॅक्टिव्हिन नावाचा, एरवी हाड घडवायला न सांगणारा घटक या बदललेल्या ग्राहीला ‘हाड घडव’ असा ऐकू येतो. घटक तोच, शरीरही तेच. ऐकण्यात फेर पडला आणि माणूस आतून कैद झाला.

आता गुडघ्याकडे येऊ. सांध्याची कूर्चा ही शरीरातली एक विलक्षण ऊती आहे. जाडी काही मिलिमीटर, बहुतांश भाग पाणी, त्यात टाइप-२ कोलॅजनची जाळी आणि पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकन. रक्तवाहिन्या नाहीत, चेता नाहीत, पेशी जेमतेम. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक सुंदर तपासणी केली. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेला कार्बन-१४ कूर्चेच्या कोलॅजनमध्ये किती सापडतो, हे त्यांनी मोजले. तरुणपणी घडलेली कोलॅजनची ही जाळी नंतर जवळजवळ बदललीच जात नाही, असे उत्तर आले. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे जे काम शरीर स्वतः वयात आल्यानंतर करायचे थांबते, ते तासाभराच्या उपचारात सुरू होईल असा हा दावा आहे.

त्यात झिजलेला गुडघा म्हणजे बशीतले स्वच्छ द्रावण नव्हे. सांध्याचे अस्तर सुजलेले असते, दाहाचे रेणू सुटलेले असतात, कूर्चेखालचे हाड कडक झालेले असते. २००६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डेनिस डिशर यांच्या गटाने दाखवले की मूलपेशी ज्या पृष्ठावर बसते त्याचा मऊ-कडकपणाही तिला दिशा देतो: मऊ जाळीवर ती चेतापेशीसारखी वळते, मध्यम कडक जाळीवर स्नायूकडे, त्याहून कडक जाळीवर हाडाकडे. अशा पेशीला उघड्या पडलेल्या हाडाशेजारी सोडून तिने मऊ, लवचीक कूर्चाच व्हावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? उंदरांच्या सांध्यात टीजीएफ-बीटा वारंवार टोचण्याचे प्रयोग नेदरलँड्समध्ये पूर्वीच झाले. सांध्याचे अस्तर जाड, तंतुमय झाले आणि कडेने हाडाचे काटे फुटले. गुडघ्याच्या एक्स-रेवर हेच काटे दाखवून डॉक्टर ‘हाड वाढले आहे’ म्हणतात.

समजा, पेशी कूर्चेकडे वळलीच. तरी ती तिथे थांबते का? हगिन्स आणि रेड्डी यांचे वेळापत्रक आठवा: कूर्चा आठवड्याभरात आली आणि लगेच हाडाला जागा देऊन गेली. मज्जेतल्या मूलपेशीपासून बशीत घडवलेल्या कूर्चेचे पुढे असेच होते. पेशी फुगतात, टाइप-१० कोलॅजन तयार करतात, हाडाच्या वाटेची सगळी चिन्हे दाखवतात. २००६ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने अशी कूर्चा उंदराच्या कातडीखाली ठेवली तर तिच्यात चुना साठला आणि रक्तवाहिन्या शिरल्या. सांध्यातल्या खऱ्या कूर्चापेशींपासून केलेले गोळे मात्र त्याच जागी चुन्यापासून दूर राहिले. वाढघटक एकच होता. पेशीचा इतिहास वेगळा होता. पूर्वपक्ष ज्या १९९८ च्या प्रयोगावर उभा आहे, त्या प्रयोगाचा हा पुढचा भाग जाहिरातीत कधीच येत नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

पीआरपीबद्दल थोडे. यात मूलपेशी नसतात. रुग्णाचे रक्त फिरवून प्लेटलेट घट्ट केलेला द्रव असतो. प्लेटलेटमध्ये टीजीएफ-बीटा असतो, पीडीजीएफ असतो, आणि रक्तवाहिन्या बोलावणारा व्हीईजीएफही असतो. रक्तवाहिनी नसणे हेच जिचे लक्षण, त्या ऊतीसाठी हे मिश्रण. प्लेटलेट सक्रिय झाल्या की त्यांच्यातला बहुतांश साठा पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो. बशीत मूलपेशीला कूर्चेकडे नेण्यासाठी तोच घटक दोन-तीन आठवडे, ठरलेल्या मात्रेत, सतत द्यावा लागतो.

‘संदेश वाढवला तर निदान नुकसान तरी काय?’ असे कोणी विचारील. याचे उत्तर मराठवाड्याने शोधायला लांब जाण्याची गरज नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या गावांनी पाण्यातल्या फ्लोराइडने काय केले ते पाहिले आहे. फ्लोराइड हाड घडवणाऱ्या पेशींना चेतवते. त्याची एक मांडणी अशी की पेशीच्या आत वाढघटकांचा संदेश विझवणारे विकर ते अडवते, त्यामुळे संदेश चालूच राहतो. परिणाम? हाड दाट होते, अस्थिबंधांत आणि स्नायुरज्जूंत चुना साठतो, पाठ ताठ होते, माणसाला वाकता येत नाही. पाश्चात्त्य वैद्यकाने हाच परिणाम एकेकाळी औषध म्हणून वापरून पाहिला. मेयो क्लिनिकच्या रिग्स यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रियांवर चार वर्षांची चाचणी करून १९९० मध्ये निष्कर्ष मांडला: फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, आणि मणक्यांखेरीज इतर हाडे मात्र त्यांचीच जास्त मोडली, ७२ वेळा विरुद्ध २४ वेळा. मोजमाप सुधारले, हाड बिघडले. ऊती वाढणे आणि ऊती नीट घडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

बीएमपीचेही तसेच झाले. २००२ मध्ये अमेरिकेत कमरेचे मणके जोडण्यासाठी बीएमपी-२ ला परवानगी मिळाली आणि तिथे ते हाड घडवते, यात शंका नाही. पण ते मानेच्या शस्त्रक्रियांत वापरले जाऊ लागले, तेव्हा सूज येऊन श्वास अडकण्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. शरीर ज्या संदेशाचे काम नॅनोग्रॅममध्ये भागवते, तो इथे मिलिग्रॅममध्ये दिला जात होता.

इथवर तर्क झाला. आता गुडघ्यांवरची प्रत्यक्ष मोजणी. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर पीआरपीची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी, कोणाला काय हे कोणालाच माहीत नाही. वर्षानंतर दहापैकी मोजलेली वेदना पीआरपी गटात सरासरी २.१ ने उतरली, मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ ने. कूर्चेचे आकारमान दोन्ही गटांत थोडे घटलेच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांच्या चाचणीत मज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या मूलपेशी यांची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वर्षानंतर तिन्हींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरले नाही.

या सगळ्यात वाढघटकाच्या बाजूने सर्वांत प्रामाणिक यश मिळाले ते एफजीएफ-१८ ला. ५४९ रुग्णांच्या चाचणीत, २०१९ च्या निकालानुसार, दोन वर्षांनी जास्त मात्रा घेणाऱ्यांची कूर्चा मिठाचे पाणी घेणाऱ्यांपेक्षा ०.०५ मिलिमीटर जाड होती. परिणाम खरा होता. पण दुखण्यात फरक पडला नाही. शुद्ध घटक, मोजलेली मात्रा, ठरलेले अंतर, दोन वर्षे, आणि हाती आले ते मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतके.

आता शंका. ‘आमच्या मावशीला इंजेक्शनने बरे वाटले, ते खोटे का?’ मुळीच नाही. तिचे दुखणे कमी झाले असेल. पण मिठाच्या पाण्यानेही १.८ ने कमी झाले होते. गुडघ्याचे दुखणे भरती-ओहोटीसारखे वरखाली होते, माणूस दवाखाना गाठतो ते दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच. पेशींनी सोडलेल्या रेणूंनी दाह काही काळ शमतही असेल. वेदना कमी होणे आणि कूर्चा उगवणे हे दोन दावे आहेत. पहिल्याच्या अनुभवावर दुसऱ्याची किंमत वसूल करणे हा अन्याय आहे.

‘पण आपल्याच देशात एका मूलपेशी-उत्पादनाला गुडघ्यासाठी मान्यता मिळाली आहे ना?’ ही शंका जास्त वजनदार आहे. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या उत्पादनाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, हे खरे. १४६ रुग्णांची चाचणी झाली आणि दुखणे व हालचाल यांत फायदा नोंदला गेला. मी तो नाकारत नाही, मोठ्या आणि स्वतंत्र चाचण्यांची वाट पाहतो. पण त्या उत्पादनात दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या, मोजलेल्या अडीच कोटी पेशी असतात. दुपारी कंबरेच्या हाडातून मज्जा ओढून संध्याकाळी गुडघ्यात सोडणाऱ्या उपचाराला ती मान्यता लागू होत नाही. त्या मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे जेमतेम एक अशी मूलपेशी असते. आणि ज्या आर्नल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये या पेशींसाठी मूलपेशी हे नाव रूढ केले, त्यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलण्याची मागणी केली. या पेशी शरीरात जाऊन नवी ऊती होत नाहीत, आजूबाजूच्या पेशींना औषधी रेणू पुरवतात, असे त्यांना दिसून आले होते.

मग या शास्त्रातून काहीच हाती येत नाही का? येते, आणि मला ते मनापासून मोलाचे वाटते. ते हाती आले तिथे आले, जिथे कोणी संदेशाचा नेमका अर्थ, जागा आणि वेळ ओळखली. एफजीएफआर-३ चा लगाम सैल करणारे व्होसोरिटाइड २०२१ मध्ये बुटकेपणाच्या मुलांसाठी आले. हाडाच्या पेशीच स्क्लेरोस्टिन सोडून हाडाच्या वाढीला थांबवतात हे कळल्यावर त्या प्रथिनाला अडवणारे औषध २०१९ मध्ये आले. पुण्याच्या त्याच केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने दाखवले की इंटरल्युकिन-३ हाड खाणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना दुसऱ्याच वाटेला लावते, आणि मज्जेतल्या मूलपेशींना हाड घडवणाऱ्या पेशींकडे वळवते. सांधेदुखीत हाडाचे नुकसान टाळण्याच्या दृष्टीने हे काम मला जाहिरातीतल्या शंभर चित्रफितींपेक्षा मोठे वाटते. आणि कूर्चेपुरतेच बोलायचे तर १९९४ मध्ये स्वीडनच्या गटाने रुग्णाच्या स्वतःच्या सांध्यातल्या कूर्चापेशी काढून, वाढवून, कूर्चेतल्या खड्ड्यात बसवल्या. आपल्याकडेही असा उपचार २०१७ पासून मान्य आहे. त्यात पेशी आधीच कूर्चेची असते, तिला काही व्हायला सांगावे लागत नाही. पण तो उपचार तरुण माणसाच्या, मार लागून पडलेल्या खड्ड्यासाठी आहे. साठीतल्या, सगळीकडून झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. तिथे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन उतरवणे आणि वेळ आली तर सांधा बदलणे, यांच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. हे ऐकायला साधे आहे म्हणून कोणी विकत नाही.

परभणीच्या माणसाला तुलनेची कसोटी समजावून सांगावी लागू नये. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ ज्वारीची शिफारस केली, ती रुजलेल्या वाणाशेजारी, वेगवेगळ्या ठिकाणी, हंगामामागून हंगाम पेरून बघितल्यावर. एका शेतात पीक चांगले आले म्हणून कोणी बियाणे बाजारात आणत नाही. गुडघ्याला ज्वारीपेक्षा कमी कसोटी का असावी?

शेवटी एक शंका उरते, नाइलाजाची. ‘शास्त्र सिद्ध व्हायची वाट बघायला आमच्याकडे वेळ नाही, प्रयोग म्हणून तरी घेऊ द्या.’ घ्यावा, पण मग तो खरोखर प्रयोग असावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतले मज्जारोपण आणि रीतसर मान्यता मिळालेली उत्पादने सोडली, तर मूलपेशींचा माणसावरचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. अशा चाचणीची नोंद देशाच्या चाचणी-नोंदवहीत असते, ती मोबाइलवर कोणालाही फुकट पाहता येते, आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. ज्या ठिकाणी नोंद दाखवली जात नाही आणि पावती मात्र आधी फाडली जाते, तिथे रुग्णाला मिळते ती चाचणीही नाही आणि मान्य उपचारही नाही.